आयफोनवर दोनदा का दाबावं लागतं? (ट्रान्झिशन, ब्राउझर इंजिन आणि मी खाल्लेली माती)

खडीसाखर

मंडळी, मदत हवी आहे, आणि मदत नाही मिळाली तर निदान सहानुभूती तरी द्या.

माझ्या मामेबहिणीचा घरगुती फराळाचा धंदा आहे. गणपती उठले की तिच्याकडे ऑर्डरी सुरू होतात, त्या ती वहीत लिहायची आणि दरवर्षी कुणाचं तरी अर्धा किलो काहीतरी विसरायची. म्हणून यंदा मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं की ताई तुला वेबसाइट करून देतो. आठ वर्षं हेच काम करतोय, दोन शनिवार-रविवारचं काम, त्यात काय एवढं. तर केली. एकेका पदार्थाचं कार्ड, फोटोवर माउस नेला की खालून हलकेच एक पट्टी वर येते, तिच्यात "+" चं बटण. छान ०.२ सेकंदांचं ओपॅसिटीचं ट्रान्झिशन, म्हणजे पारदर्शक पट्टी एकदम न दिसता हळूहळू ठळक होते. कार्डावर कुठेही क्लिक केलं की उजवीकडून ड्रॉवर सरकत येतो, त्यात किलो निवडा, ऑर्डर द्या. लॅपटॉपवर झकास, माझ्या अँड्रॉइडवर झकास.

तिसऱ्या दिवशी ताईचा फोन. "अरे तुझी वेबसाइट बहिरी आहे का? प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागते." तिच्या सासूबाईंकडे आयफोन आहे (नातवाने दिलेला, जुना), त्यांच्या फोनवर चकलीवर एकदा दाबलं की नुसती ती पट्टी येते, परत दाबलं की मग ड्रॉवर उघडतो. आधी मला वाटलं आजी नीट दाबत नसतील. मग गेलो, स्वतः दाबून बघितलं, खरंच दोनदा!

आता गंमत ऐका. चकली, शेव, चिवडा, करंज्या सगळ्यांना दोनदा लागतं. पण अनारसे संपले होते, तर त्या कार्डावर मी पट्टीत नुसतं "संपले" लिहिलेलं, आणि ते कार्ड एका टॅपमध्ये उघडतं. पट्टी तीच, ट्रान्झिशन तेच, सीएसएस (पान कसं दिसावं याचे नियम) तेच. डोकं फुटायची वेळ आली.

काय काय केलं ते सांगतो म्हणजे तेच परत सुचवू नका:

ट्रान्झिशन काढून टाकलं, काही फरक नाही. कॅशे साफ केली, फोन बंद चालू केला, सासूबाईंचा चहा प्यायलो. मग मॅकला फोन जोडून सगळ्या माउस इव्हेंट्सना (माउसने काय केलं याच्या ब्राउझरच्या सूचनांना) लॉग लावले. पहिल्या टॅपला माउसओव्हर येतो, माउसमूव्ह येतो, आणि पुढे शुकशुकाट. माउसडाउन नाही, माउसअप नाही, क्लिक नाही. दुसऱ्या टॅपला सगळे येतात. म्हणजे क्लिक कुणीतरी मधल्या मध्ये गिळतंय, आणि तो कुणीतरी माझ्या कोडमध्ये नाहीये.

मग म्हटलं निदान पट्टी दिसायला लागली हे तरी पकडू, म्हणून म्युटेशन ऑब्झर्व्हर (पानातले बदल टिपणारी सोय) लावला तर तो ढिम्म हलत नाही. आणि ड्रॉवर उघडला की फोकस आत नेण्यासाठी ट्रान्झिशनएंडवर, म्हणजे ट्रान्झिशन संपल्याच्या इव्हेंटवर, कोड आहे, तो काही लोकांकडे चालतच नाही, ड्रॉवर उघडतो पण आतलं सगळं थिजलेलं. तो वेगळा घोळ असावा पण आता एवढं लिहिलंच आहे तर तोही सांगून टाकतो.

दिवाळी तोंडावर आली आहे हो.

---

नसती_उठाठेव

सोपा उपाय: सासूबाईंना अँड्रॉइड घेऊन द्या. ह.घ्या.

बाकी आमच्याही ऑफिसात हेच झालेलं, क्लायंटला "आयफोनवर असंच असतं" सांगून विषय मिटवला. धागा वाखूसा (वाचनखूण साठवली).

---

डब्लिनकर

खडीसाखर, तुमच्या अनारशांनीच उत्तर दिलंय, फक्त ते इंजिनाच्या, म्हणजे ब्राउझरच्या आत पान उभं करणाऱ्या यंत्रणेच्या, भाषेत आहे. जरा लांबण लावतो, चहा घेऊन बसा.

२००७ साली पहिला आयफोन आला तेव्हा त्यात खरा ब्राउझर होता, पण माउस नव्हता. आणि तेव्हाच्या निम्म्या वेबसाइट्सचे मेनू माउस वर नेला की उघडणारे. बोटाला "वर नेणे" हा प्रकारच माहीत नाही, बोट एकतर टेकतं नाहीतर नाही. मग करायचं काय? मेनूच्या शीर्षकावर टॅप केलं आणि इंजिनाने थेट क्लिक पाठवला तर पान बदलून जाणार, आतला मेनू कधी दिसणारच नाही.

तर ॲपलने युक्ती केली. तुम्ही एकदा टॅप केलंत की सफारी आधी माउस तिथे आल्याचं नाटक करते, माउसओव्हर आणि माउसमूव्ह पाठवते. मग थांबून बघते की पानात काही नवीन उगवलं का. नाही उगवलं तर माउसडाउन, माउसअप, क्लिक असा पुढचा क्रम. उगवलं, तर पुढचं काहीच पाठवायचं नाही, कारण माणसाला बहुतेक ते नवीन उगवलेलं बघून त्यातलं काहीतरी दाबायचं असणार. हे लपवलेलं वगैरे नाहीये, ॲपलच्या वेब डेव्हलपरांसाठीच्या जुन्या मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिलंय की माउसमूव्हच्या वेळी पानातला मजकूर बदलला तर त्यापुढचे इव्हेंट पाठवले जात नाहीत. तुमचा क्लिक कुणी गिळला, तर यानेच.

आता मुख्य प्रश्न असा की "काही नवीन उगवलं" हे इंजिनाने ओळखायचं कसं. वेबकिटमध्ये, म्हणजे सफारीच्या इंजिनात, यासाठी एक वेगळा पहारेकरीच बसवलाय, कंटेंट चेंज ऑब्झर्व्हर नावाचा. सोर्स सगळ्यांना खुला आहे, जाऊन वाचा, कोड फार अवघड नाही. माउसमूव्ह पाठवला की हा जागा होतो आणि पुढच्या स्टाइल रीकॅल्कमध्ये एकेका एलिमेंटची (पानातल्या घटकाची) आधीची स्टाइल आणि नंतरची स्टाइल ताडून बघतो. आधी लपलेलं होतं आणि आता दिसतंय का? लपलेलं म्हणजे फक्त डिस्प्ले नन नाही बरं का. व्हिजिबिलिटी हिडन, ओपॅसिटी शून्य, रुंदी किंवा उंची शून्य, आणि ते लेफ्टला उणे हजारो पिक्सेल देऊन पडद्याबाहेर भिरकावलेलं, हे सगळे जुने चाळे त्याला माहीत आहेत. आपण पोरं जिथे जिथे लपवतो तिथे तिथे शोधणारी आई असते ना, तसं.

पण नुसतं दिसणं पुरेसं नाही. दिसायला लागलेली गोष्ट दाबण्याजोगी आहे का हेही तो बघतो. नुसता मजकूर उगवला तर माणूस त्यात काय दाबणार? मग त्याला मेनू म्हणायचं कारण नाही, क्लिक जाऊ दे. आता तुमचं चकलीचं कार्ड आणि अनारशाचं कार्ड शेजारी ठेवून बघा.

---

खडीसाखर

अरे!!!

चकलीच्या पट्टीत "+" चं बटण आहे. अनारशाच्या पट्टीत नुसतं "संपले". बटणच नाही!

मी तीन रात्री सीएसएस ताडून बघतोय आणि फरक एचटीएमएलमध्ये होता. आत्ता गंमत म्हणून अनारशांमध्ये एक खोटं बटण टाकलं आणि सासूबाईंना फोन करून दाबायला सांगितलं. दोनदा लागलं. त्या म्हणाल्या, "आता अनारसेपण बिघडवलेस."

पण एक सांगा, मी ट्रान्झिशन काढलं तरी फरक पडला नाही तो का? आणि ट्रान्झिशन असताना पहिल्या क्षणी ओपॅसिटी शून्यच असते की, मग त्याला "दिसायला लागलं" हे कळतं कसं?

---

डब्लिनकर

ट्रान्झिशन काढल्यावर ओपॅसिटी एका झटक्यात शून्याची एक झाली, ती तर त्याला पहिल्याच रीकॅल्कमध्ये दिसली. म्हणून फरक पडला नाही.

ट्रान्झिशन असताना तुम्ही म्हणता तीच अडचण. पहिल्या फ्रेमला सगळं शून्यच. म्हणून तो ट्रान्झिशन सुरू होतानाच नोंद करून ठेवतो की हे लपलेलं एलिमेंट आहे, याच्यावर अमुक प्रॉपर्टीचं ट्रान्झिशन सुरू झालंय, संपेपर्यंत निकाल राखून ठेवा. संपलं की परत बघतो, दिसतंय का. टायमरचंही तेच, माउसमूव्हच्या हँडलरमध्ये कुणी सेटटाइमआउट लावला तर तो उडेपर्यंत थांबतो कारण पुष्कळ मेनू "जरासं थांबून" उघडतात. पण हे थांबणं काही शे मिलिसेकंदांपुरतंच, त्यापेक्षा लांबचं ट्रान्झिशन किंवा टायमर असला तर तो नाद सोडतो, नाहीतर प्रत्येक टॅपनंतर माणूस ताटकळत बसेल. म्हणजे उत्तरं तीन आहेत: बदल झाला, नाही झाला, आणि अजून सांगता येत नाही. या तिसऱ्या उत्तरातच सगळी मजा आहे.

(म्हणून कुणी म्हणेल ट्रान्झिशन लांबवा म्हणजे सुटलो. कृपया करू नका, हे आकडे इंजिनाच्या पोटातले आहेत, तुमच्या करारात नाहीत.)

---

रातराणी२२

मी शाळेत मराठी शिकवते, चुकून आत आले आणि अनारशांमुळे थांबले. ते "स्टाइल रीकॅल्क" म्हणजे काय हे कुणी आमच्यासारख्यांना सांगेल का? इंजिन सतत सगळं बघत नसतं का?

---

टोपणनाव_सुचेना

ताई, मी प्रयत्न करतो.

पंगत डोळ्यासमोर आणा. हजार पानं मांडलेली, वाढपी एकच. प्रत्येक वेळी कुणाला काही हवं झालं की त्याने हजारही पानांवरून फिरायचं ठरवलं तर जेवणं दुसऱ्या दिवशी उरकतील. म्हणून ज्याला हवंय त्याने हात वर करायचा, आणि वाढपी पुढच्या फेरीला फक्त वर झालेल्या हातांकडे जाणार. ब्राउझरमध्ये त्या वर झालेल्या हाताला डर्टी म्हणतात, मराठीत ऐकायला बरं नाही वाटत पण आहे तसं. पानात काही बदललं, माउस कशावर गेला, कुणाचा क्लास बदलला, की इंजिन लगेच काही मोजत नाही, फक्त खूण करून ठेवतं. मग पडद्यावर नवं चित्र काढायची वेळ आली, साधारण सेकंदाला ६० वेळा, की तेव्हा एकदाच फेरी मारून खुणा केलेल्यांची स्टाइल नव्याने काढतं. ती फेरी म्हणजे रीकॅल्क.

आणि प्रत्येकाची नवी स्टाइल काढली की जुनीशी ताडून बघायची. काहीच फरक नाही, सोडून द्या. रंग बदलला, नुसतं परत रंगवा. रुंदी बदलली, मग शेजारच्यांनाही सरकवायला लागणार, सगळी मांडणी परत. तर "काय बदललं" हे ओळखणं हा इंजिनाचा रोजचाच धंदा आहे, डब्लिनकर म्हणतात तो पहारेकरी त्याच फेरीत वाढप्याच्या मागे मागे फिरतो इतकंच.

फायरफॉक्सने २०१७ मध्ये ५७ व्या आवृत्तीत स्टायलो हे नवं स्टाइल इंजिन आणलं, तेव्हा ही फेरी एकाच वेळी अनेक कोअर्सवर, म्हणजे अनेक वाढपी एकदम, अशी केली. रस्ट या भाषेत लिहिलेलं, सर्वो नावाच्या प्रायोगिक इंजिनाच्या प्रकल्पातून आलेलं. आणि हल्ली ":हॅज" हा सिलेक्टर (नियम कुणाला लागू ते निवडणारा) आला, २०२३ च्या डिसेंबरमध्ये फायरफॉक्समध्येही आल्यावर तो सगळीकडे झाला, त्यात पोराच्या बदलाने बापाची स्टाइल बदलते. म्हणजे हात मुलाने वर करायचा आणि वाढायचं वडिलांच्या पानात. इंजिनवाल्यांनी बरीच वर्षं याला नाही म्हणून सांगितलेलं ते उगाच नाही.

---

रातराणी२२

हे कळलं! धन्यवाद. वाढपी उद्या वर्गात वापरणार, विषय दुसरा असला तरी.

---

नसती_उठाठेव

पंगतीवरून आठवलं. याच "फेरीला एकदाच" मुळे मी एकदा अख्खा दिवस घालवलेला. उंची आधी शून्य लिहिली, पुढच्याच ओळीत २०० पिक्सेल लिहिली, वाटलं छान उलगडत येईल. काही नाही, धाडकन २००. कारण इंजिनाने फेरी मारली तेव्हा त्याला फक्त शेवटचं २०० दिसलं, मधलं शून्य त्याच्या दृष्टीने कधी झालंच नाही. मग दोन ओळींच्या मध्ये एक ऑफसेटहाइट वाचायची निरर्थक दिसणारी ओळ टाकली आणि चालू लागलं. सहा महिन्यांनी एका नव्या मुलाने "ही व्हेरिएबल कुठेच वापरलेली नाही" म्हणून ती ओळ काढली. परत दिवस गेला.

---

डब्लिनकर

हाहा, ती ओळ जगातल्या प्रत्येक ऑफिसात कुणीतरी काढलेली आहे. उंची विचारली की इंजिनाला खरं उत्तर द्यायला तिथेच फेरी मारावी लागते, त्यामुळे शून्य "घडतं". स्पेसिफिकेशनमध्ये याला बदलाआधीची स्टाइल आणि बदलानंतरची स्टाइल अशीच नावं आहेत, या दोन्हींत फरक असेल आणि त्या प्रॉपर्टीला ट्रान्झिशनचा कालावधी असेल तरच ट्रान्झिशन जन्माला येतं. पुढच्या वेळी त्या ओळीवर मोठ्ठी कॉमेंट लिहा.

---

उंबरठा

डिझायनर बोलतेय, शिव्या घालायच्या आधी ऐका.

खडीसाखर यांचा दुसरा प्रश्न सगळे विसरले, ट्रान्झिशनएंडचा. आमच्या टीममध्ये मी जे सुंदर काही काढून देते ते शेवटी याच इव्हेंटवर लटकतं आणि मग "डिझाइनमुळे बग आला" म्हणतात. म्हणून मी हट्टाने शिकले. हा इव्हेंट कधी येत नाही त्याची जंत्री:

कालावधी शून्य असेल तर येत नाही. किंमत बदललीच नाही, म्हणजे उघडा ड्रॉवर परत उघडला, तर येत नाही. मध्येच कुणी डिस्प्ले नन केलं तर येत नाही, त्याऐवजी ट्रान्झिशनकॅन्सल येतो, जो कुणी ऐकत नसतं. आणि कधी नको तितक्या वेळा येतो: मार्जिनचं ट्रान्झिशन लावलंत आणि चारही बाजू बदलल्या तर चार वेळा येतो, कारण तो एकेका सुट्या प्रॉपर्टीचा असतो. शिवाय तो बबल होतो, म्हणजे आतल्या एलिमेंटकडून बाहेरच्यांपर्यंत वर जातो, ड्रॉवरच्या आतल्या एखाद्या टीचभर बटणाचा रंग बदलून संपला तरी ड्रॉवरच्या लिसनरला (इव्हेंट ऐकणाऱ्या कोडला) वाटतं आपलंच झालं.

आता खडीसाखर, मला सांगा, "काही लोकांकडे" थिजतो ते लोक कोण? कारण माझा अंदाज आहे की तुम्ही कुठल्या तरी रेडिमेड रीसेटमधून (सुरुवातीला लावायच्या तयार सीएसएसमधून) "कमी हालचाल" पसंत करणाऱ्यांसाठी सगळी ट्रान्झिशन्स बंद करणारा सीएसएसचा तुकडा चिकटवलाय. तो चांगलाच आहे, चक्कर येणाऱ्यांसाठी असतो, माझ्या आईच्या फोनवर ती सेटिंग कायम चालू असते. पण मग ट्रान्झिशन होतच नाही, एंडही येत नाही, आणि तुमचा ड्रॉवर वाट बघत बसतो.

---

खडीसाखर

उंबरठाताई, लोटांगण. चिकटवलाय. कुठून घेतला तेही आठवत नाही.

दोन तक्रारी करणाऱ्यांना आत्ता विचारलं, एकाला सेटिंग म्हणजे काय तेच माहीत नव्हतं, पण फोन बघितल्यावर चालू निघाली. दुसरे काका म्हणाले बॅटरी वाचते असं कुणीतरी सांगितलं म्हणून चालू केली.

मग यावर इलाज काय, टायमर लावू का? ०.३ सेकंदांनी गृहीत धरायचं की संपलं?

---

डब्लिनकर

टायमर नको. एलिमेंटला गेटॲनिमेशन्स विचारा. २०२० पासून तिन्ही मोठ्या इंजिनांत आहे. तो आत्ता चालू असलेली ॲनिमेशन्स आणि ट्रान्झिशन्स यादी करून देतो, आणि विचारताना साठलेले स्टाइलचे बदल आधी हिशोबात घेतो, त्यामुळे क्लास लावल्या लावल्या पुढच्याच ओळीत विचारलं तरी चालतं. प्रत्येकाला फिनिश्ड नावाचं प्रॉमिस (काम संपलं की कळवणारी सोय) असतं, सगळ्यांची वाट बघा आणि मग फोकस हलवा. मध्ये रद्द झालं तर प्रॉमिस रिजेक्ट होतं, म्हणून ऑलसेटल्ड वापरा, ते कुणी रद्द झालं तरी सगळ्यांची वाट बघतं. आणि कमी हालचालवाल्यांकडे यादी रिकामी येते, रिकाम्या यादीची वाट बघायला वेळ लागत नाही, कोड सरळ पुढे जातो.

---

टोपणनाव_सुचेना

आणि म्युटेशन ऑब्झर्व्हर ढिम्म का, ते राहिलंच.

तो डॉम (पानातल्या एलिमेंट्सची रचना) बघतो, स्टाइल नाही. नोड आला गेला, ॲट्रिब्यूट बदललं, मजकूर बदलला, एवढंच त्याचं खातं. माउस वर गेल्याने हॉव्हरचा नियम लागू झाला यात डॉममध्ये ढिम्म काही बदलत नाही, सगळं स्टाइलच्या खात्यात घडतं. उलट इंजिनाच्या पहारेकऱ्याला दोन्ही खाती बघता येतात, तो आत बसलाय, आपण बाहेर.

म्युटेशन ऑब्झर्व्हरच्या आधीचे म्युटेशन इव्हेंट्स तर आणखी भयानक होते, प्रत्येक बारीक बदलाला तिथल्या तिथे तुमचा कोड चालवायचे, हजार नोड घातले तर हजार वेळा. क्रोमने ते शेवटी २०२४ मध्ये १२७ व्या आवृत्तीत काढले. आता बदल साठवून चालू काम संपलं की एकगठ्ठा यादी हातात देतात.

बाहेर बसून स्टाइलचा बदल पकडायचा असेल तर जुगाड आहे: त्या प्रॉपर्टीवर अगदी नखाएवढं ट्रान्झिशन लावायचं आणि ट्रान्झिशनरन (ट्रान्झिशन जन्मल्याचा इव्हेंट) ऐकायचा. म्हणजे इंजिनालाच सांगायचं की बाबा तू तशीही तुलना करतोस, फरक दिसला तर मला हाक मार. पूर्वी हे फक्त आकडे, रंग अशा मधल्या किंमती असणाऱ्या प्रॉपर्टींना चालायचं. २०२३ मध्ये क्रोम ११७ पासून अलाउ-डिस्क्रीट आलं, नंतर इतरांतही, त्यामुळे आता मधली किंमत नसलेल्या प्रॉपर्टींनाही चालतं. कुणी नोड कधी घुसला हे पकडायला जुने लोक ॲनिमेशनस्टार्टचा असाच वापर करायचे. दिसायला घाणेरडं, पण दर १०० मिलिसेकंदांनी कम्प्युटेड स्टाइल विचारत बसण्यापेक्षा शतपटीने बरं.

---

नसती_उठाठेव

सगळं ठीक, पण मूळ मुद्द्यावर कुणी बोलणार का? मी एक गोष्ट दाबली, ब्राउझर म्हणतो "तुला बहुतेक दुसरंच काहीतरी हवं असणार". हा कुठला अतिशहाणपणा? हॉटेलात मिसळ मागवावी आणि वेटरने "आज बटाटेवडे ताजे आहेत, आधी ते बघा, मिसळ परत मागा" म्हणावं तसं झालं हे.

---

डब्लिनकर

अहो पण वेटर चुकतो तेव्हाच तुम्हाला दिसतो. बरोबर असतो तेव्हा तुम्ही जेवून निघून जाता.

२०१९ च्या आयपॅडओएस १३ चं उदाहरण घ्या. तेव्हापासून आयपॅडवरची सफारी वेबसाइटला मी मॅक आहे असं सांगू लागली आणि डेस्कटॉपच्या साइट्स जशाच्या तशा बोटांखाली आल्या. हॉव्हरचे मेनू, हॉव्हरच्या पट्ट्या, सगळंच. हा ऑब्झर्व्हर त्याच वर्षी बराचसा नव्याने लिहिला गेला. ही युक्ती काढून टाका आणि मग एखादी पंधरा वर्षांपूर्वीची, तीन पातळ्यांचे मेनू असलेली साइट फोनवर वापरून बघा, पहिल्या पातळीच्या पलीकडे जाताच येणार नाही. त्या साइट्स कुणीही परत लिहिणार नाहीये.

माझी तक्रार वेगळी आहे. अंदाज बांधा, पण बांधला हे डेव्हलपरला सांगा. कन्सोलमध्ये एक ओळ आली असती की "नवीन दाबण्याजोगा मजकूर दिसला म्हणून क्लिक पाठवला नाही", तर खडीसाखर यांच्या तीन रात्री वाचल्या असत्या.

---

नसती_उठाठेव

कन्सोलच्या ओळीला +१. वेटरबद्दल अजूनही असहमत.

---

उंबरठा

उपाय लिहून टाकते, नाहीतर दिवाळी होऊन जाईल.

हॉव्हरचे सगळे नियम "हॉव्हर: हॉव्हर" आणि "पॉइंटर: फाइन" या मीडिया क्वेरीत, म्हणजे माउससारखं साधन असेल तरच लागू होणाऱ्या अटीत, गुंडाळा. फोनवर ते नियमच लागणार नाहीत, स्टाइल बदलणार नाही, पहारेकऱ्याला काही सापडणार नाही, क्लिक सुटेल. पण मग फोनवर "+" दिसणार कसं? तर ते कायम दिसू द्या. मला माहितीये लपवून ठेवलेलं जास्त नीटनेटकं दिसतं, मीच अशी शंभर कार्डं काढली आहेत. पण चकली विकत घ्यायला आलेल्या बाईला बटण शोधायला लावणं हे सौंदर्य नाही.

---

खडीसाखर

मंडळी, आठ दिवसांनी परत आलोय, खबर द्यायला.

दोन्ही उपाय केले. हॉव्हर गुंडाळला, "+" कायम दिसतं, ड्रॉवर गेटॲनिमेशन्सवर चालतो. सासूबाईंच्या फोनवर एका टॅपमध्ये सगळं उघडतं. ताई खूश, मी खूश.

पण.

आयफोनवाल्या गिऱ्हाइकांना गेल्या दोन आठवड्यांत दोनदा दाबायची सवय लागली आहे. पहिल्या टॅपला ड्रॉवर उघडतो, आणि सवयीचा दुसरा टॅप पडतो तिथे आता ड्रॉवरमधलं "१ किलो वाढवा" येऊन बसलेलं असतं. काल एका बाईंची चार किलो चकलीची ऑर्डर आली, त्यांना दोन हवी होती. ताईने भाजणी भिजवून, तळून, डबे भरून झाल्यावर कळलं.

---

डब्लिनकर

हे मात्र कुठल्याच इंजिनाला कळणार नाही.

ड्रॉवरचं ट्रान्झिशन संपेपर्यंत आतल्या बटणांना पॉइंटर-इव्हेंट्स नन ठेवा, म्हणजे ती दाबलीच जाणार नाहीत. पण लक्षात घ्या, कमी हालचालवाल्यांकडे यादी रिकामी असते, तिथे दार लगेच उघडेल आणि दुसरा टॅप आत पडेल. तेव्हा तिथे अर्धा सेकंद तरी नुसतं थांबवा. हो, मीच टायमर नको म्हणालो होतो.

---

उंबरठा

किंवा "वाढवा" बटण ड्रॉवरच्या तळाला न्या, बोट असतं तिथून लांब. एक ओळ सीएसएस.

---

खडीसाखर

तळाला नेलं. अर्धा सेकंदही लावला, दोन्ही.

जास्तीची दोन किलो चकली माझ्या घरी आहे. पुण्यात असाल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, एकदाच करा.